सांगली: पडद्यावरची माणसं शेजारच्या खुर्चीत

किर्लोस्करवाडी मागे पडली की कोयना एक्स्प्रेसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसता ऊस दिसतो. डिसेंबरचा पहिला आठवडा होता, कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्यानं लावलेली गाणी आणि हवेत मळीचा तो गोड-आंबट वास. भिलवडी, नांद्रे, माधवनगर. सांगलीला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. मावशी विश्रामबागेत राहते. तिनं चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "एवढ्या लांबनं आलीस ती पिक्चर बघायला? पुण्यात थेटरं कमी पडली काय?"

त्या वेळी मला तिला नीट उत्तर देता आलं नाही.

मी आले होते ती इथल्या काही तरुणांनी आणि दोन-तीन शिक्षकांनी मिळून भरवलेल्या लघुपट-माहितीपटांच्या महोत्सवाला. दोन दिवस, एक सभागृह, शनिवारी रात्री जवळच्या हरिपूर गावी नदीकाठी उघड्यावर एक खेळ आणि त्याआधी आठवडाभर शाळेच्या मुलांची कार्यशाळा. तिकीट नाही. दारात पत्र्याचा डबा, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकायचं. वीस मिनिटांच्या फिल्मला थिएटरवाला दारात उभा करत नाही, कारण वीस मिनिटांना तिकीट लावता येत नाही. ती बनवणारी पोरं घरचे पैसे घालतात, मोठ्या शहरांतल्या महोत्सवांची प्रवेश फी भरतात, आणि निवड झालीच तर सकाळच्या खेळाला पंधरा-वीस माणसं असतात. अशा खेळांना मी खूपदा बसले आहे. फिल्म संपते, दिवे लागतात, लोक पुढच्या हॉलकडे पळतात. फिल्म ज्यांच्यावर आहे ती माणसं कुठंतरी लांब आपापल्या कामात; त्यांना कुणी ती दाखवलेलीही नसते. सांगलीत तसं होत नाही, असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. तेवढ्यासाठी आले.

शनिवारी सकाळी रिक्षा विष्णुदास भावे नाट्यमंदिरावरून गेली. मराठी रंगभूमी दिन होऊन महिना झाला होता. १८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत आली, त्यांचे खेळ झाले, आणि संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या भाव्यांना सांगितलं की असं काही मराठीत करा. पुढच्या वर्षी, ५ नोव्हेंबर १८४३ ला, 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. पण ती सांगलीच्या रस्त्यावर आठवली की वेगळी वाटते. दुसऱ्यांचा खेळ मन लावून बघायचा आणि मग 'हे आपल्या बोलीत, आपल्या माणसांचं का नको' असं विचारायचं, ही इथली जुनी रीत आहे. सभागृहाच्या दारात नाव लिहून घेणारी पोरं तेच करत होती.

सकाळची दुसरी फिल्म हळदीच्या पेवांवर होती. सांगलीची हळद सगळ्यांना माहीत आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती पूर्वी ठेवत कुठं, हे मला माहीत नव्हतं. हरिपूरच्या जमिनीत पेवं खणलेली असत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. आत पाल्याचा थर देऊन हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. त्या मातीचा गुण असा की हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि हा सगळा कारभार जवळजवळ संपला. बनवणारा मुलगा पंचविशीतला, मिरजेचा. त्यानं जुने व्यापारी बोलते केले होते, गोदामं दाखवली होती, आणि पेव उघडण्याचा एक प्रसंग ओळखीच्या पोरांकडून करवून घेतला होता. झाकण निघतं, पोरगा दोर धरून सरसर खाली उतरतो, अंधारात पिवळी धूळ उडते. सुंदर शॉट होता. माझ्या अंगावर काटा आला.

दिवे लागले आणि चौथ्या रांगेतून धोतर-टोपीतले एक आजोबा उठले. माईक त्यांनी घेतलाच नाही.

"बाळा, चांगलं केलंयस. पण तुझा तो पोरगा मेला असता."

सगळं सभागृह गप्प.

"पेव उघडलं की आत वारं नसतंय. आधी तोंड मोकळं ठेवायचं. मग कंदील सोडायचा दोरानं. विझला तर उतरायचं न्हाई, थांबायचं. जळत राहिला तरच माणूस खाली. आमी हमाल, तीस वर्षं उतरलोय. कंदील न सोडता उतरलेली माणसं वर आलेली न्हाईत."

तो मुलगा स्टेजवरून उतरला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि वहीत लिहायला लागला. कंदील किती वेळ ठेवायचा? दोर कशाचा? खाली गेल्यावर पहिलं काय करायचं? आजोबा सांगत होते, मागच्या रांगेतले दुसरे एक काका भर घालत होते. पुढच्या फिल्मची वेळ झाली, मग टळली. कुणी घड्याळ दाखवलं नाही. मला वाटतं, आयोजकांनी त्या दोन दिवसांत केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, की त्यांनी तो वेळ कापला नाही. शिवाय ते आजोबा तिथं आपोआप आले नव्हते. महिनाभर आधीपासून ही पोरं हरिपुरात घरोघर जाऊन सांगत होती की तुमच्यावर फिल्म आहे, बघायला या. त्यांना आणायला रिक्षा पाठवली होती.

दुपारी मिरजेचे एक सतार-कारागीर आले. त्यांच्या गल्लीवरची दहा मिनिटांची फिल्म ठीकठाक होती, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. त्यानंतरचा एक तास मात्र मी विसरणार नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा, तो निवडताना काय बघायचं, असं सांगत त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, पुन्हा फिरवली. जवारी लावणं म्हणतात ते हे. तार घोडीच्या माथ्याला किती आणि कुठं टेकते यावर आवाज उघडतो किंवा मिटतो. पहिल्यांदा तार नुसतीच वाजत होती, कोरडी. मग त्यांनी तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवला, नखानं केसभर पुढं नेला, आणि एकाएकी तोच स्वर गुंजायला लागला, जणू खोलीत अजून कुणीतरी गात होतं. शेजारी बसलेल्या मुलीनं नकळत माझा हात धरला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी मी वाचली होती. ती कशाबद्दल आहे ते त्या धाग्यापाशी कळलं. फिल्मवाल्या पोरांनी तो आवाज टिपून घेतला, दोन माइक लावून, पंखे बंद करून. पाऊण तास शंभरेक माणसं घामाघूम होऊन बसली आणि कुणी हूं केलं नाही.

संध्याकाळी मावशीला बरोबर घेऊन हरिपूरला गेले. सांगलीपासून हा रस्ता तसा जवळचा, कडेला जुन्या चिंचा. गाव नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं. संगमेश्वराच्या देवळाजवळ वारणा कृष्णेला येऊन मिळते. काठावर मोकळ्या जागेत उसाच्या दोन रिकाम्या ट्रॉल्या उभ्या करून मध्ये पांढरा पडदा ताणला होता. सतरंज्या, मागं खुर्च्या, कडेला बायकांच्या बचतगटाचं भडंग. वर कांदा चिरून आणि तळलेली मिरची. मावशीनं दोन पुड्या घेतल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

नदीवरून वारं सुटलं आणि पडदा शिडासारखा फुगला. पडद्यावरच्या बाईचा चेहरा कधी लांबट, कधी गोल. खेळ थांबवावा लागला. चार पोरं ट्रॉलीवर चढून दोऱ्या आवळत होती, तोवर मागचे एक मामा जत्रेतल्या तंबू-टॉकीजबद्दल बोलायला लागले. ट्रकवर मशिन यायचं, रात्रभर खेळ चालायचे. आत जागा नसली की पडद्याच्या मागं बसायचं. "चित्र उलटं दिसायचं, हीरो डावखुरा. पण रडायचो तेवढंच." ऐकणारी लहान पोरं लगेच उठून पडद्यामागं पळाली, आणि खेळ पुन्हा सुरू झाल्यावर त्यातली अर्धी तिकडेच बसून राहिली.

मग मुलांच्या कार्यशाळेतल्या फिल्म लागल्या. मोबाइलवर केलेल्या, प्रत्येकी एक मिनिट. एकीनं दळणाच्या गिरणीचा पट्टा टिपला होता, एकानं आपली म्हैस. नववीतल्या एका मुलीच्या फिल्ममध्ये नुसती एक भिंत होती. घरातली, निळ्या रंगाची. भिंतीवर आडवी काळपट रेघ, आणि तिच्यावर खडूनं लिहिलेलं: ऑगस्ट २०१९. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे. हे आकडे तेव्हा टीव्हीवर रोज ऐकले होते. फिल्ममध्ये एकही आकडा नाही. आधी तिचा धाकटा भाऊ भिंतीला पाठ लावून उभा राहतो. रेघ त्याच्या डोक्यापेक्षा खूप वर. तो जातो, आई येते. रेघ वर. वडील येतात. रेघ अजून चार बोटं वर. शेवटी आजोबा स्टुलावर चढतात, सावकाश, भिंतीला हात देत, आणि रेघ त्यांच्या छातीपाशी येते. ते कॅमेऱ्याकडे बघतात. संपलं.

टाळ्या नाहीत. नदीचा आवाज येत होता, तीच नदी, अंधारात, पडद्यामागं.

आजोबा सतरंजीवरच बसले होते. कुणीतरी विचारलं, "आजोबा, घराला नंतर रंग दिलासा न्हवं? मग रेघ कशी राहिली?"

"पेंटरला म्हटलं, तेवढी पट्टी सोड."

"का?"

त्यांनी थोडा वेळ काही सांगितलं नाही. मग नातीकडे बोट करून म्हणाले, "ही तेव्हा लहान होती. मी हिला खांद्यावर घेऊन माळ्यावर चढलो. किती वर चढलो ते तिला कळाय पाहिजे."

मावशी माझ्याकडे न बघता पदरानं डोळे पुसत होती. २०१९ ला तिच्या घरात पाणी आलं नव्हतं, पण तिची सासरची माणसं आठवडाभर तिच्याकडे राहिली होती, वीस-बावीस जण. परतताना रिक्षात तिनं ते सगळं सांगितलं. कोण कुठं झोपलं, डाळ कशी पुरवली. इतक्या वर्षांत ती हे माझ्यापाशी कधीच बोलली नव्हती.

रविवारच्या सगळ्याच फिल्म चांगल्या होत्या असं नाही. दोन-तीन जणांनी ड्रोन उडवून नदी वरून दाखवली होती, छान दिसते, पण वरून माणूस दिसत नाही. एका कथापटात शेतकरी दर दोन मिनिटांनी आभाळाकडे बघत होता. चर्चेत एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, "आमचे मालक आभाळाकडे बघत न्हाईत, मोबाइलवर हवामान बघत्यात." दिग्दर्शकानं ते मान्य केलं. बक्षिसं नव्हती, त्यामुळे समारोप दहा मिनिटांत उरकला. सगळ्यांनी मिळून खुर्च्या उचलल्या.

माझी गाडी रात्रीची होती. चार वाजता तो मिरजेचा मुलगा कॅमेऱ्याची बॅग घेऊन निघताना दिसला. मी विचारलं, येऊ का? म्हणाला, चला की.

हरिपुरात एका जुन्या वाड्याच्या परसात कालचे आजोबा वाट बघत होते. बहुतेक पेवं आता बुजलेली आहेत, इथलं एक शिल्लक आहे. रिकामं. झाकणाची फरशी सकाळीच सरकवून ठेवली होती, वारं खेळावं म्हणून. आजोबांनी घरून कंदील आणला होता, काच पुसून लख्ख. पेटवला, वात खाली घेतली, कडीला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. मुलगा पोटावर झोपून तोंडाच्या कडेला कॅमेरा धरून होता.

दोर हातातून सुटत गेला. उजेडाचं वर्तुळ भिंतीवरून खाली सरकत गेलं. आधी माती, मग जुन्या पाल्याचे चिकटलेले अवशेष, मग एक पिवळसर पट्टा. इतक्या वर्षांनंतरही. कंदील तळाला टेकला. आजोबांनी हातानं थांबायची खूण केली आणि ओठ हलवत काहीतरी मोजायला लागले. परसातल्या कोंबड्यांखेरीज कसलाही आवाज नव्हता. ज्योत एकदा थरथरली, मग सरळ झाली.

"जळतोय," आजोबा म्हणाले. "आता उतरायला हरकत न्हाई."

कुणी उतरलं नाही. मुलानं कॅमेरा बंद केला नाही.