तबेल्याच्या भिंतीतला सोरा

इंग्लंडमधल्या बड्या जमीनदारांनी घोड्यांसाठी जे बांधून ठेवलंय, ते पाहून मी अजूनही थक्क होते. चॅट्सवर्थ या हवेलीत ड्यूकसाहेबांनी १७५८ ते १७६३ या काळात वास्तुकार जेम्स पेनकडून ८० घोड्यांचा तबेला बांधून घेतला. लांबून बघणाऱ्याला तोच राजवाडा वाटावा! ब्रायटनला युवराजाच्या घोड्यांसाठी विल्यम पोर्डनने उभारलेल्या घुमटाखाली आता गाण्याच्या मैफली होतात.

माझ्याकडे आलेला तबेला एवढा नामांकित नाही. डर्बीशरमधल्या एका हवेलीचा, चौकोनी. कमानीवर घड्याळाचा मनोरा, एका अंगाला बग्गीखाना, दुसऱ्या अंगाला घोडे बांधायच्या दावणी, मागच्या बाजूला घोडा सुटा ठेवायच्या खोल्या म्हणजे लूज बॉक्स. वर वैरणीचा माळा आणि मोतद्दारांच्या राहण्याच्या खोल्या. मालक नवरा-बायकोला तिथे घर करायचं होतं.

त्या दिवशी साइटवर गेले तर ठेकेदाराचा अहवाल समोर आला. जमिनीतून ओल चढतेय, सगळ्या भिंतींच्या तळाशी भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरा, वर सिमेंटचा गिलावा करा. खर्चाचा आकडा बघून मालकीणबाई रडवेल्या झाल्या होत्या.

ठेकेदाराच्या माणसाने ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया लूज बॉक्सच्या भिंतीत खुपसून दाखवल्या. काटा टोकाला. मी म्हटलं, "आता बग्गीखान्यात लावून बघा." तिथे काटा हललासुद्धा नाही. दावणींच्या बाजूला, गव्हाणीमागच्या भिंतीवर अगदी थोडा. लूज बॉक्समध्ये मात्र चारही भिंती कमरेपर्यंत डागाळलेल्या, बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघत होती. जमीन एकच, पाया एकच, विटा त्याच. मग ओल फक्त घोडे मोकळे फिरायचे तिथेच का चढावी?

ही घोड्यांच्या मुताची करणी. मुतातल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याचे पुढे जिवाणू नायट्रेट, म्हणजे सोरा, करतात आणि वर्षानुवर्षं ते विटेत मुरत जातं. माझ्या आजोळी गोठ्याच्या भिंतीला लोणा लागायचा, तीच गोष्ट. हा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि मीटर विजेचं वहन मोजत असल्यामुळे क्षारालाच ओल समजतो. आम्ही ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरचा भुगा काढून तपासला. पृष्ठभागाजवळच्या भुग्याने नायट्रेट तपासायची पट्टी गडद रंगली, आतला भुगा जवळपास कोरडा निघाला. रसायन भरून यात काहीच फरक पडला नसता. सिमेंटने तर भिंतीचा श्वास कोंडला असता आणि क्षाराने गिलाव्यासकट विटांचे पापुद्रे सोडवले असते.

मग तिथेच, ठोकळ्यांच्या फरशीवर नकाशा पसरून आम्ही आराखडा फिरवला. ही फरशी निळसर स्टॅफर्डशर विटांची, पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरती. बैठकीची खोली लूज बॉक्समधून हलवून कोरड्या बग्गीखान्यात नेली. मालकांना बागेचं दृश्य हवं होतं आणि तबेल्याच्या खिडक्या उंचावर असतात, घोडा बाहेरच्या हालचालीने बिचकू नये म्हणून. त्या खाली आणायला माझा ठाम विरोध होता, त्या खाली आणल्या की तबेल्याचं तबेलेपणच जातं. बग्गीखान्याच्या रुंद कमानीत मात्र काच सहज बसते.

लूज बॉक्समध्ये आता कोठार आणि कपडे धुण्याची जागा. भिंतींवर आधी चुन्याचा कच्चा थर द्यायचा, तो क्षार शोषून घेईल, मग तो खरवडून पुन्हा लावायचा. त्यापुढे जुन्याच लाकडी फळ्या, मागे हवा खेळती राहील एवढी फट सोडून. हवेली संरक्षित यादीत आहे आणि तबेला १९४८ च्या आधीपासून तिच्याच आवारात, त्यामुळे कायद्याने तोही हवेलीचाच भाग. परवानगीच्या अर्जाला मी भुग्याच्या तपासणीचे निकाल जोडले आणि रसायनाची मागणी आराखड्यातून काढून टाकली.