आमची वाटचाल : भंगारात गेलेल्या छतापासून

वडील भुसावळला सुतारकाम करायचे. मी आणि धाकट्या भावाने फॉल सीलिंगची कामं धरली, तेव्हा आमचं भांडवल म्हणजे एक ड्रिल मशीन, दोन घोड्या आणि उधारीवरचं पीओपी. जुनं काढा, चकचकीत लावा, एवढंच गिऱ्हाईक मागायचं.

सुरुवातीलाच एका निवृत्त मास्तरांच्या घराचं काम मिळालं. वर पत्रे, खाली करड्या खडबडीत तक्त्यांचं छत. आमच्या पोराने पहिला तक्ता खाली ओढला नि विचारलं, "हाई काय शे भो?" मी म्हटलं, भुसा नि सिमेंट, टाक ट्रॉलीत. दोन खोल्यांचं छत भंगारात गेलं. तिसऱ्या खोलीत मास्तरांची पुस्तकं होती, म्हणून तिचं छत तेवढं शाबूत राहिलं.

मे महिन्यात मास्तरांचा फोन आला. "भाऊ, छत दिसतं छान, पण खाली बसवत नाही रे. आणि बोललं की आवाज घुमतो." आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालची ऊन अडवणारी एकमेव वस्तू आम्हीच उचलून फेकली होती. वडिलांना उरलेला तुकडा दाखवला. ते चिडलेच. "वुड वूलचा बोर्ड आहे हा! आवाज घुमू नये म्हणून थिएटरात लावायचे. मला विचारायचं तरी!"

खान्देशात वुड वूल कुणाला सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात कुलरच्या ताटीत जे गवत बदलतो, तेच ते, लाकडाच्या लांब शेवया. त्या सिमेंटमध्ये घोळून, साच्यात दाबून तक्ता होतो. मी घरी करून पाहिला. चार दिवसांनी उचलला, तर शेवया सुट्या. लाकडातली साखर सिमेंटला धरू देत नाही. कारखान्यात त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार वापरतात. तेव्हापासून माझा कारखानदारीचा नाद सुटला. या तक्त्यांना भारतीय मानकही आहे, आयएस ३३०८.

आता कुठलंही जुनं छत उतरवण्याआधी आम्ही ते ओळखतो, आणि या पाहणीचे वेगळे पैसे घेतो. कडेला बॅटरी धरली की शेवया एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, मध्ये पोकळ्या. पाण्याचा थेंब आत शिरतो. वर गिलावा असेल तर बोटाने ठोकायचं, आवाज बसका येतो. पण सपाट, पातळ, कडक, खणखणीत करडी शीट असेल आणि शेवई दिसत नसेल, तर हात आवरायचा. जुन्या सिमेंट शीटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणजे ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते असा तंतुमय खनिज पदार्थ; तो डोळ्यांना ओळखू येत नाही. तिथे ड्रिल नाही, करवत नाही, मोडतोड नाही. आधी प्रयोगशाळेत तपासणी. एका गिऱ्हाइकाने "एवढ्या तेवढ्याला काय होतं" म्हणून ते काम दुसऱ्याला दिलं. दिलं तर दिलं.

तक्ते बरे निघाले तर ठेवतो. सिमेंटच्या लेपामुळे ते सहज पेट घेत नाहीत, वाळवीही सहसा लागत नाही. बिघडतात ते गळतीने: खिळे गंजतात, तक्ता मधून झोळ खातो. मग आधी पत्रा दुरुस्त, नंतर स्क्रू आणि रुंद चकती. आवाजासाठी ठेवायचे असतील तर ऑइल पेंट मारू देत नाही, छिद्रं बुजतात. चुन्याचा पातळ हात पुरतो. आणि पंखा टांगायचा तो वाशाला, तक्त्याला कधीच नाही.

मास्तरांच्या त्या दोन खोल्यांत पुढे आम्ही नवे तक्ते लावून दिले, मजुरी न घेता. तिसऱ्या खोलीतल्या जुन्या छताचे गंजके खिळे मागच्या वर्षी बदलले. मास्तर तेव्हा खालीच झोपले होते, कुलर बंद ठेवून.