विहिरीला दोरी लावून तीन वर्षं झाली

सकाळी लाइट यायच्या आधी विहिरीवर जायचं, दोरी सोडायची, डुबुक आवाज आला की थांबायचं, गाठी मोजायच्या आणि काठापासून पाणी किती फूट खाली आहे ते वहीत लिहायचं. दर फुटाला एक गाठ आणि दर पाच फुटांवर लाल चिंधी बांधलीय, खाली पावशेरभर वजनाचा दगड. काठावर ऑइलपेंटची खूण आहे, तिथूनच माप घ्यायचं, कारण काठ एकीकडं खचलाय आणि जागा बदलली की अर्ध्या फुटाचा फरक पडतो. मोटार चालू असताना मोजून उपयोग नाही, रात्रभर झरे चालून पाणी जिथं ठरतं तेच खरं माप.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात. विहीर ४५ फूट, म्हणजे वडलांच्या भाषेत साडेसात परस. चांगल्या सालात ऑक्टोबरमध्ये दोरी १२ फुटांवर भिजते, मे महिन्यात ३८-४० ला. पण २०२३ ला ऑगस्ट सगळा कोरडा गेला ना, तेव्हा ऑक्टोबरमध्येच २६ फूट लागलं आणि मला तिथंच पोटात गोळा आला, कारण वहीतलं आधीच्या सालचं जानेवारीचं मापसुद्धा एवढं खाली नव्हतं. मागचा ओढा त्या वर्षी धड खळाळलाच नाही. ओढा कुठल्या तारखेला वाहता झाला आणि कुठल्या तारखेला तुटला हेही मी लिहून ठेवतो. ओढा लवकर तुटला की विहीर त्याच्यामागोमाग जाते, हे मला वहीनं दाखवलं.

सरकारही मोजतं, नाही असं नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळात उभी राहिली, तिची माणसं राज्यभरातल्या ठरलेल्या विहिरी वर्षातून चारदा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला, आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. फार मोलाचं काम आहे ते. पण त्यांची विहीर आमच्या शिवारात नाही, आणि खाली खडक काळा पाषाण, पाणी फक्त मुरमात आणि भेगांमध्ये, त्यामुळं एका बांधाला पाणी आणि पलीकडच्या बांधाला नुसता फुफाटा असं असतं. आपल्या विहिरीचं आपल्यालाच मोजावं लागतं.

आता खरं सांगायचं ते उपशाचं. पाऊस किती पडला ते सगळ्यांना तोंडपाठ असतं, धरणाचा टक्का रोज पेपरात येतो, पण आपण किती उपसतो ते कुणालाच माहीत नसतं, मलापण नव्हतं. एक दिवस पाइपाखाली २०० लिटरचं बॅरल ठेवलं आणि मोबाइलवर वेळ लावली, ५० सेकंदात भरलं. म्हणजे तासाला १४,४०० लिटर, आठ तास लाइट असली तर १ लाख १५ हजार. तुम्हाला आठवत असेल, एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या फेरीला १० टाक्या, साधारण ५ लाख लिटर. मी तेव्हा स्टेशनवर बघायला गेलो होतो, माणसं वाघिणींना हात लावून बघत होती. तेवढं पाणी आमची एक पाच एचपीची मोटार साडेचार दिवसात ओढते! मी हिशोब तीनदा केला. शिवारात अशा मोटारी किती आहेत ते मोजायचं धाडस झालं नाही.

आणि त्यात बोअर. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे साधारण २०० फुटांच्या खाली जायला बंदी आहे, आमच्याकडं सहाशे-सातशे फूट सहज मारतात, पाणी कुठं लागेल ते सांगणारा पाणाडी नारळ घेऊन फिरतो, बोअरची गाडी रात्रभर धडधडते. शेजारच्या काकांचा बोअर चालू असला की आमची विहीर दुपारपर्यंत दीड-दोन फूट उतरते, आमची मोटार बंद असतानासुद्धा. मी त्यांना वही दाखवली. काका रागावले नाहीत, म्हणाले, "आरं, मला वाटायचं माझं पाणी येगळं अन् तुझं येगळं." त्यानंतर मोटारीची पाळी आम्ही बोलून लावतो.

नगरकडच्या हिवरे बाजार गावात सरपंच असताना पोपटराव पवारांनी गावाला हीच सवय लावली, पाऊस संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मगच पिकं ठरवायची, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. आमचं अख्खं गाव तिथपर्यंत जाईल का माहीत नाही, सध्या आम्ही चार घरं आहोत. २०२३ ला त्या २६ फुटांवर वडलांनी गहू रद्द केला आणि हरभरा पेरला, दोन पाण्यात निघाला. ज्यांनी गहू केला त्यांचा ओंबीत असताना वाळला, ते बघवत नव्हतं.

यंदा काकांनी स्वतःची दोरी केलीय, नायलॉनची. गाठी हाताच्या मापानं मारल्यात म्हणून आमचा आकडा जुळत नाही, रविवारी टेप घेऊन बसणार आहे त्यांच्यासोबत.