फॉर्म सी आणि रात्री साडेदहाचं जळगाव

निकाल आधीच सांगतो. परदेशी पाहुण्याला घेऊन पुणे, वेरूळ, अजिंठा, आग्रा असा दौरा करायचा असेल तर खुशाल करा. पण निघण्याआधी मुक्कामाच्या प्रत्येक हॉटेलला फोन लावून विचारा, "परदेशी पाहुणा चालतो का? फॉर्म सी भरता का?" (फॉर्म सी म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे उतरलाय हे सरकारला कळवायचा फॉर्म; २०२५ च्या नियमांनंतर कागदोपत्री फॉर्म III, ओळख जुन्याच नावाने.) समोरचा "या तर खरं, बघू" म्हणाला की फोन ठेवा आणि दुसरं हॉटेल शोधा. मी हा फोन केला नाही, म्हणून हे सगळं लिहावं लागतंय.

मला लोकांनी भीती घातली होती ती भलत्याच गोष्टींची. मावशी म्हणाली, बाटलीबंद पाण्याशिवाय काही देऊ नकोस. ऑफिसातल्या मित्राने ठेच्यापासून लांब ठेवायला सांगितलं. पाहुणा नेदरलँड्सचा, सहा फूट चार इंच, जन्मभर सायकल हाणलेला. ठेचा त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला. पोट बिघडलं ते माझं.

पुणे ते संभाजीनगर आम्ही एसटीच्या ई-शिवाईने गेलो. सहा तास, तक्रार नाही. रविवारी वेरूळ केलं, कैलास लेणं बघून गडी तासभर गप्प होता. दिवस मस्त गेला, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एवढं मात्र पाठ करा: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. सोमवारी दौलताबाद चढलो. गुडघे धड असतील तर जा, नसतील तर खालूनच नमस्कार करा. किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळांचा वास नाकात बसतो, बॅटरी स्वतःची न्या. मोबाईलचा उजेड पुरतो असं म्हणणारे लोक अंधारीत गेलेले नसतात.

दौलताबादच्या वाटेवर पाहुण्याने एक गोष्ट पकडली, जी मला चाळीस वर्षांत दिसली नव्हती. म्हणाला, तुमच्याकडे रस्ता विचारला की "माहीत नाही" असं कोणीच म्हणत नाही. खरं आहे. आम्ही तिघांना विचारलं, तिघांनी तीन दिशा दाखवल्या, तिन्ही वेळा "सरळ जा, जवळच आहे". त्याच्या मते माणूस फसवत नसतो, त्याला आपल्याला रिकाम्या हाताने परत पाठवणं जिवावर येतं. असेल. माझा सल्ला एवढाच, की पत्ता पोलीस नाहीतर औषधाच्या दुकानदाराला विचारा.

हॉर्नचंही त्याने व्याकरण मांडलं. एकदाच टुक केलं तर "मी आलोय", दोनदा केलं तर "मी निघालोच", आणि दाबूनच धरला तर चूक हॉर्न वाजवणाऱ्याची. मागच्या सीटवर बेल्ट शोधायचा मात्र त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही. आमच्या भाड्याच्या गाडीत बेल्ट होता, पण सीटकव्हरच्या खाली शिवून टाकलेला. ड्रायव्हरचं म्हणणं, "मागं कोन लावतं साहेब?" तुम्ही गाडी ठरवाल तेव्हा हे आधी बघून घ्या.

मंगळवारी अजिंठा. खासगी गाडी फर्दापूर फाट्यावरच सोडावी लागते, पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसने. गाडी लावायची जागा आणि बस यांच्यामध्ये दुकानांची रांग आहे, आणि हा पट्टा लेण्यांपेक्षा जास्त दमवतो. दुकानदार पाहुण्याच्या हातात चमकता दगड ठेवतात. "गिफ्ट आहे, पैसे नकोत. येताना फक्त माझं दुकान लक्षात ठेवा." घेऊ नका. हात खिशात ठेवून चाला. आमच्या भल्या माणसाने चार दगड घेतले, आणि संध्याकाळी चार जण त्याला नावानिशी हाका मारत होते. २,५०० रुपये सांगितलेली दगडांची पेटी शेवटी ६०० ला आली. मी म्हटलं, अजूनही फसलास. तो म्हणाला, चार जणांना शब्द दिला होता, एकाचा तरी पाळला.

तिकीट भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. खिडकीवर मलाच ओशाळल्यासारखं झालं, त्याला काहीच वाटलं नाही. आत पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे सगळे थांबतात, थांबायलाच हवं. पण तुम्ही १० नंबरच्या लेण्यातही वेळ काढा. जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ ला तिथल्या खांबावर स्वतःचं नाव कोरलंय. आपल्या पोरांच्या बदामातल्या नावांवरून मी वाटेत बरंच बोललो होतो. पाहुण्याने त्या खांबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नुसता हसला.

आता जळगाव. बुधवारी सकाळी आग्र्याची गाडी, म्हणून मंगळवारी रात्री तिथे मुक्काम. अजिंठ्याहून साधारण साठ किलोमीटर. पोचायला नऊ वाजले. स्टेशनजवळ लॉजची कमी नाही, असं मीच ऐटीत सांगितलं होतं. पहिल्या लॉजवर अकराशे रुपये ठरले, किल्ली काउंटरवर आली, आणि पासपोर्ट बघताच ती परत ड्रॉवरमध्ये गेली. "दादा, रूम आहे. यांच्यासाठी नाही." दुसरीकडे मालक बाहेर गेले होते. तिसरीकडे "फुल" म्हणाले. पोऱ्याच्या मागे फळीवर सगळ्या किल्ल्या लटकत होत्या, आणि पाहुण्याची उंची अशी, की त्याला त्या स्पष्ट दिसत होत्या. बाहेर आल्यावर त्याने हळूच विचारलं, "माझ्याकडून काही चुकलं का?"

त्या प्रश्नाने मला जेवढी लाज वाटली तेवढी सबंध प्रवासात कशाचीच वाटली नाही. खराब रस्ता, घाण संडास, दगडवाले, सगळं सोसतं. दिवसभर उन्हात चाललेल्या माणसाला पाठीवर पिशवी घेऊन साडेदहाला रस्त्यावर उभं ठेवणं सोसत नाही. नावडत्या माणसालाही असं वागवू नये, हा तर पाहुणा.

चौथं हॉटेल हमरस्त्यावरचं, ३,८०० रुपये. तिथल्या मुलाने पासपोर्ट घेतला, व्हिसा घेतला, फोटो काढला, कुठून आलात, कुठे जाणार हे विचारून कॉम्प्युटरवर भरलं. जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे या दहा मिनिटांच्या कंटाळ्यापायी तीन लॉजनी माणूस परत पाठवला होता. परदेशी माणसाला खोली देऊ नये असा काही कायदा नाही. ज्याच्याकडे तो उतरेल त्याने चोवीस तासांच्या आत फॉर्म सी भरून कळवायचं, एवढंच. छोट्या लॉजवाल्यांना त्यातून पोलीस दारात येण्याची धास्ती असते, म्हणून सरळ "फुल".

मी त्या मुलापुढे तिन्ही लॉजवाल्यांचा मनसोक्त उद्धार करत होतो. त्याने मान वर न करता विचारलं, "आधी पुण्यात कुठे उतरले होते?"

"माझ्या घरी. तीन रात्री."

"मग तुम्ही भरला असेल ना फॉर्म?"

घरी पाहुणा ठेवला तरी हा नियम लागतो. मला माहीतच नव्हतं. पाहुण्याला भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही, माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. तुम्ही मात्र तो घरात पाऊल टाकेल त्याच दिवशी ऑनलाईन भरून टाका. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो हाताशी ठेवा, त्या तिन्हींच्या चार-चार झेरॉक्सही बरोबर असू द्या.

रेल्वेचा दिवस सोपा गेला. समोरच्या काकूंनी त्याला दशम्या वाढल्या, पगार विचारला, लग्न का नाही ते विचारलं. त्याने पगार खरा सांगितला. डबाभर शांतता पसरली.

ताजमहालला शुक्रवारी सुट्टी, आम्ही गुरुवारी पोचलो. भारतीयाला ५० रुपये, परदेशी माणसाला १,१००, आणि मुख्य कबरीपर्यंत जायचं तर दोघांनाही वरचे २०० वेगळे. तिकिटं घरूनच ऑनलाईन काढा, खिडकीजवळ घुटमळणाऱ्या कुणालाही "गाईड" म्हणू नका. परदेशी तिकिटाची रांग वेगळी आणि छोटी होती. तो झटकन आत गेला, मी ५० रुपयेवाल्यांच्या रांगेत पाऊण तास तळलो. एरवी चिडलो असतो. जळगावनंतर तेवढं चालतं.

पुढच्या हिवाळ्यात तो आईला घेऊन येतोय. तिला दगड दाखवायचे नाहीत असं ठरलंय. जळगावच्या त्या चौथ्या हॉटेलचा नंबर मी सेव्ह करून ठेवलाय, नावापुढे "सी भरतात" असं लिहून.