रापणीच्या मुलाखती रिपॉझिटरीत ठेवताना

सिंधुदुर्गातल्या देवबाग, तारकर्ली, वेंगुर्ला इथल्या रापणकरांच्या (रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या) मी घेतलेल्या मुलाखतींचं पुढे काय होणार, असं गावाकडून बरेच जण विचारतात. त्या माझ्या लॅपटॉपवर पडून राहणार नाहीत. इथे इंग्लंडमध्ये, साउथॅम्प्टनला, प्रबंधाबरोबर संशोधनाची मूळ सामग्रीही विद्यापीठाच्या डिजिटल रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, जमा करता येते. 2000 साली ईप्रिंट्स हे रिपॉझिटरीचं सॉफ्टवेअर याच विद्यापीठात तयार झालं. आपल्याकडे पीएच.डी.चे प्रबंध ज्या शोधगंगेवर जातात, ती डीस्पेस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. पण काम सगळीकडे साधारण सारखंच: लॉगिन करायचं, नवी नोंद उघडायची, माहिती भरायची, फाइली चढवायच्या, इतरांनी ते कसं वापरायचं याचा परवाना निवडायचा आणि सबमिट. मग ग्रंथालयातली माणसं तपासतात आणि नोंद खुली होते.

खरा वेळ जातो तो लॉगिन करायच्या आधी.

आधी आवाजाच्या फाइली. जपून ठेवायला वेव्ह फाइल उत्तम, पण 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टीरिओ असं तासाभराचं रेकॉर्डिंग जवळपास 1 जीबी होतं. ते देवबागात मोबाइलवर कोण उतरवून घेणार? म्हणून प्रत्येक मुलाखतीची एमपी3 प्रतही त्याच नोंदीत ठेवली. 64 केबीपीएसला तासाभराची फाइल 29 एमबीच्या आसपास बसते आणि बोलणं स्वच्छ ऐकू येतं. फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता ठेवा: आधी तारीख (वर्ष, महिना, दिवस या क्रमाने), मग गाव, मग क्रमांक. म्हणजे यादी आपोआप तारखेवार लागते.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. मच्छीमार सोसायटीची जुनी टिपणं श्रीलिपीत टाइप केलेली होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यातलं एक अक्षरही वाचता येत नाही, नुसती चिन्हं दिसतात. ती युनिकोडमध्ये आणली, आणि मग ओळ न ओळ मुळाशी ताडून पाहिली, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. शेवटी पीडीएफ/ए केली. त्यात फाँट फाइलीतच बसवलेला असतो, त्यामुळे पुढे कुठल्याही यंत्रावर ती तशीच उघडेल.

मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते माहितीच्या रकान्यांबद्दल. शीर्षक, सारांश, विषयशब्द हे सगळं इंग्रजीत भरलं तरी नोंद मंजूर होते. पण मग मालवणातला कुणी ‘रापण’ असं टाइप करून शोधेल तेव्हा त्याला ती सापडणार कशी? ज्यांचं बोलणं आहे, त्यांनाच ते सापडू नये हे मला पटत नाही. म्हणून शीर्षक आणि सारांश दोन्ही भाषांत दिला. विषयशब्दांत रापण, तांडेल (मच्छीमारांचा म्होरक्या), पर्ससीन (यांत्रिक बोटींवरचं मोठं जाळं), देवबाग हे देवनागरीतही घातले आणि रोमनमध्येही. बोली मालवणी आहे हेही लिहिलं. रकाने देवनागरी बिनतक्रार घेतात.

संमतीचा प्रश्न नाजूक आहे. प्रबंधासाठी बोलणं वेगळं आणि आवाज जगभर खुला होणं वेगळं. ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावंच लागतं. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्या वादावर जे बोलले, त्यांची नावं काढली आणि त्या फाइलींना एम्बार्गो लावला, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या बंद राहतील. पण नावं लपवली की आदर राखला, असंही नाही. देवबागचे एक वयस्कर तांडेल काका मला म्हणाले, ‘जाळां माझां, आवाज माझो, मगे नाव कित्याक लपवतंस?’ त्यांचं नाव नोंदीत पूर्ण लिहिलं आहे, माझ्या नावाच्या बरोबरीने. त्यांचा दुसरा प्रश्न होता, ‘माझ्या नातवाक ह्यां मोबायलार ऐकूक गावतला मा?’ एमपी3चा विचार मला तिथूनच सुचला.

नोंद खुली झाली की तिला डीओआय मिळतो, कायमचा पत्ता. पुढे विद्यापीठाची वेबसाइट बदलली तरी तो दुवा चालावा, ही त्यामागची सोय. म्हणूनच एकदा डीओआय लागला की नोंद सहजासहजी पुसता येत नाही. ती मागे घेतली तरी ‘इथे अमुक होतं’ असं सांगणारं पान राहतं. पहिल्यांदा करणाऱ्याने त्यामुळे एकच छोटी मुलाखत घ्यावी, ड्राफ्ट सेव्ह करावा आणि सबमिट करण्याआधी ग्रंथपालांना दाखवावा. त्यांना विचारायला संकोच करू नका, ते त्यांचं रोजचं काम आहे. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांकही आधीच काढून ठेवा. तो फुकट मिळतो, आणि आपल्या आडनावांची रोमनमधली स्पेलिंगं कागदोपत्री कितीही बदलली तरी सगळं काम एकाच माणसाच्या नावावर राहतं.

माझ्या नोंदीत मराठी संमतीपत्राचा कोरा नमुना वेगळी फाइल म्हणून ठेवला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी मुलाखती घेत असेल, तर तो खुशाल उतरवून घ्या आणि आपल्या गावाप्रमाणे बदला.