आजीची वाटी, केकची वाळू आणि यंदाचा मे महिना

यंदाच्या, म्हणजे २०२५च्या उन्हाळ्यात मी एकूण सात केक केले आणि त्यातले जेमतेम अडीच खाण्यालायक झाले. अडीच का ते सांगतो पुढे.

झालं असं की ह्या वर्षी घरात कार्यक्रमांची नुसती रांग लागली होती. ३० मार्चला पाडवा, मग मावसभावाच्या मुलाचा पहिला वाढदिवस, मग अक्षय्य तृतीया आणि १ मे लागोपाठ आलेले त्यामुळे डोंबिवलीला मामाकडे सगळे जमायचं ठरलेलं, आणि शेवटी १ जूनला आजीचं सहस्रचंद्रदर्शन. हजार पौर्णिमा बघितलेल्या माणसाचा सोहळा. मी उगाच हिशोब करून बघितला, एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात. आजी श्रावणातली. बरोब्बर बसलं.

मामी फोनवर सहज म्हणाली की केक कुठून आणायचा रे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी करतो, आजीचाच रव्याचा केक. बायकोने स्वयंपाकघरातून फक्त वळून बघितलं.

आजीचा रवा केक म्हणजे आमच्या मे महिन्याची एक ठरलेली गोष्ट होती. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्या, सुट्टीला आम्ही सहा भावंडं, आणि ओव्हन वगैरे भानगड नव्हतीच. जुना ॲल्युमिनियमचा कुकर, त्याची शिट्टी आणि रिंग काढून ठेवायची, तळाला दोन बोटं वाळू, त्यावर एक जाळी आणि जाळीवर केकचा डबा. ही वाळू चौपाटीवरून आणलेली, आजीने चार पाण्यातून धुऊन उन्हात वाळवलेली, आणि ती वर्षानुवर्षं एकाच डालड्याच्या डब्यात असायची. डब्याचं नाव 'केकची वाळू'. कोणी त्याला हात लावायचा नाही. झाला का केक ते बघायला आजी स्वेटर विणायची सुई घ्यायची, सुई कोरडी आली की गॅस बंद. आणि तोवर आम्ही सहा जण कुकरभोवती असे बसलेलो की जणू आत काहीतरी जन्माला येतंय.

बाहेरचा केक म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळच्या मेरवानचा मावा केक, १९१४चं इराण्याचं दुकान होतं ते. आजोबा कधीतरी आणायचे. तो आवडायचाच, पण त्यात आपल्याला सुई खुपसायला मिळायची नाही ना.

तर पहिला केक पाडव्याला केला. आजीने फोनवर सांगितलेलं प्रमाण अगदी सोपं, दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी आंबट दही, एक वाटी आमरस, अर्धी वाटी तूप, वेलची, आणि अर्धा चमचा सोडा. सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं कारण रवा दही पिऊन फुगतो, नाहीतर खाताना कचकच लागते. मी आपला ऑनलाइन मागवलेला मापाचा कप घेतला, २४० मिलीवाला, आणि वाटी म्हणजे तो कप धरून सगळं केलं. ओव्हन १८० डिग्री, चाळीस मिनिटं. बाहेर आलं ते काय होतं मला अजून कळलेलं नाही. वडिलांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, "शिरा छान झालाय, पण कापायला का ठेवलायस?"

दुसऱ्यांदा सोडा वाढवला, अंदाजाने, दुप्पटहून जास्त. फुगला मस्त, पण चव अशी की तोंडात साबण गेल्यासारखं. मग एप्रिलमध्ये ईस्टर आला, आमच्या समोरच्या आंटी मूळच्या वसईच्या, त्या दर वर्षी काजूचं मार्झिपन, म्हणजे काजू-साखरेचा गोळा, करून त्याची अंडी देतात, गुलाबी पिवळी. त्यांना माझा केक दाखवला तर त्या हसल्याच नाहीत, जे जास्त लागलं. म्हणाल्या, "बाबा, सोडा चमच्याने आणि बाकी सगळं वाटीने घेतोस, मग वाटी कुठली ते आजीला विचारलंस का?"

हे आयटीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला सुचायला हवं होतं खरंतर. सगळं वाटीने घेतलं तर वाटी लहान काय मोठी काय, फरक पडत नाही. पण सोडा अर्ध्या चमच्यालाच अडकलेला. माझी वाटी मोठी झाली, सोडा तेवढाच राहिला, आणि केक बसला!

आजीला फोन केला. आजी म्हणाली, "अरे ती नाव घातलेली वाटी. बाळूच्या मुंजीतली." म्हणजे मामाच्या. आणि ती वाटी डोंबिवलीला.

आता १ मे. मामाकडे नुसतं जायचं तर केक हवाच, रवा केकचा भरवसा नव्हता म्हणून मी युट्युब बघून क्रीमवाला केला, वर आंब्याच्या फोडींचं गुलाबाचं फूल, फोटो काढण्यासारखा झालेला अगदी. हाच तो अर्धा. कारण फोटो काढला तेव्हा तो केक होता. मुलुंडवरून स्लो गाडी पकडली, सुट्टीचा दिवस म्हणून गर्दी कमी असेल असं वाटलेलं, ते वाटणं ठाण्यालाच संपलं, मी डबा डोक्याच्या वर धरून उभा, एक काका म्हणाले "काय आहे रे, मूर्ती आहे का," कळवा मुंब्रा दिवा, दिव्याला डब्याच्या झाकणातून आतलं फूल एका बाजूला झुकलेलं दिसलं, आणि कोपर येईपर्यंत ते मावळलं. लोणी साधारण ३२-३५ डिग्रीला वितळतं आणि मुंबईचा मे म्हणजे दुपारी ३३-३४, त्यात घामट दमट हवा, त्यात आपला डबा. हे गणित घरून निघतानाच करायला पाहिजे होतं. मामाच्या पोरांनी मात्र चमच्याने खाल्लं सगळं, पुरीला लावून पण खाल्लं.

जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले, पत्ते निघाले, मोठ्या मामीने फणस फोडायला घेतला आणि सगळ्यांच्या हाताला खोबरेल तेल. मी आणि धाकटी मामी माळ्यावर. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा आलेली भांडी अजून पोत्यात बांधलेली, पितळी पातेली, पोळपाट, एक कंगवा सुद्धा. तिसऱ्या पोत्यात वाटी मिळाली. स्टीलची, बुडाला थोडी चेपलेली, आणि बाजूला टोचून टोचून काढलेली अक्षरं, 'चि. बाळू मौंजीबंधन ५-५-७७'. त्यातला बाळूचा 'ळ' जागा कमी पडली म्हणून बारीक, शेजारच्या 'मौं'ला चिकटून. ती कोरणारा माणूस मुंजीच्या गडबडीत अशा पन्नास वाट्या कोरत बसला असणार. किचनच्या वजनकाट्यावर पाणी भरून मोजली, १५० ग्रॅम. म्हणजे माझ्या कपापेक्षा पार लहान.

वाळूचा डबा मात्र नाही मिळाला. मामा म्हणाला, "तो गंजका डबा? त्यात माती होती, टाकला मी शिफ्टिंगला." आजी पत्ते पिसत होती, काही बोलली नाही, फक्त पुढचे तीन डाव मामाला एकदाही हुकूम लागू दिला नाही.

वाटी घेऊन घरी आलो, केक केला. कोरडा! फुगलेला, चवीला बरोबर, पण पाणी पिऊन गिळावा लागेल असा. आता मात्र मी चिडलो, परत फोन. आजीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग मी सांगितलं की मी रवा वाटीने असा दाबून, ठोकून, नीट भरून, वर शीग लावून घेतला, तूच तर लहानपणी शीग लावून मोजायचीस.

"अरे ते तांदळाला! तांदूळ शेजारणीला उसना द्यायचा तर शीग लावून देतात. रवा सपाट. आणि दही? दह्याला शीग कशी लावशील तू?"

खरंच की. रवा शीग लावून घेतला आणि दही काठापर्यंत, म्हणजे रवा जास्त नि ओल कमी. आपण आजीचं बघत होतो एवढंच, काय बघत होतो ते नाही.

त्यानंतरचा एक केक झाला चांगला, तो सोसायटीतल्या मुलांनी वीस मिनिटांत संपवला. आणि मग पावसाने घाई केली, २६ मेलाच मुंबईत मान्सून आला, पाऊस पडला की हापूस पाणचट लागतो म्हणून आईने आधीच दोन डब्बे रस काढून फ्रीझरला टाकलेला, तोच कामी आला.

सहस्रचंद्रदर्शन दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये. कणकेचे ८१ दिवे, एसीच्या वाऱ्याने विझत होते, दोन माम्या पदर आडवा धरून उभ्या, भटजी म्हणाले एसी बंद करा, मग सगळे घामाघूम आणि आजी तेवढी गार, नऊवारीत. केक मी कुकरमध्येच केलेला, वाळूऐवजी मीठ घालून. आजीने पर्समधून विणायची सुई काढली, मला माहीतच नव्हतं ती घेऊन आलीये, सगळ्यांसमोर मधोमध खुपसली, बाहेर काढून बघितली आणि सुरी माझ्या हातात दिली.

तुकडा खाल्ला. "वेलची कमी." मग दुसरा घेतला.

कुकरमधलं मीठ मी टाकलं नाही, थोडं करडं पडलंय पण पुढच्या वेळी चालेल, बरणीत भरून वर मार्करने 'केकचं मीठ' लिहून ठेवलंय. गेल्या आठवड्यात बायको म्हणाली, "घरातलं मीठ संपलंय, मग तुझ्या आईने काल आमटीत काय घातलं?"