एलटी पॅनेलची थर्मोग्राफी: माझा अनुभव

कारखान्याच्या आगीच्या विम्याचं नूतनीकरण होतं आणि सर्व्हेअरनी मुख्य एलटी पॅनेलचा (कारखान्यात वीज वाटून देणाऱ्या लो टेन्शन पॅनेलचा) थर्मोग्राफी अहवाल, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने केलेल्या तपासणीचा अहवाल, मागितला. भोसरीतल्या आमच्या मशीनिंगच्या कारखान्यात देखभाल माझ्याकडे आहे, त्यामुळे माणूस शोधण्यापासून अहवाल देण्यापर्यंत सगळं मीच पाहिलं.

पहिली अडचण दिवसाची. भोसरीत गुरुवारी सुट्टी, आणि विजेची कामं आम्ही गुरुवारीच उरकतो. पण हा कॅमेरा पृष्ठभागातून निघणारे अवरक्त किरण टिपतो. केबलमधून करंटच वाहत नसेल तर खराब जोडही गारच दिसणार. जोडातली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट निम्मा झाला की उष्णता चौथाई. निदान ४० टक्के लोड हवाच, असं थर्मोग्राफीवाल्यांनी फोनवर बजावलं होतं. म्हणून उत्पादन विभागाशी बोलून, सगळी सीएनसी मशीन आणि कॉम्प्रेसर चालू असतील अशी आठवड्यातल्या मधल्या वाराची दुपार घेतली. सकाळची वेळ मुद्दाम टाळली, कारण जोड तापून स्थिरावायला वेळ लागतो.

दार न उघडता बाहेरून बघता येईल का, असं मालकांनी विचारलं. नाही येत. बाहेरून फक्त पत्र्याचं तापमान कळतं. आत बसबारपुढे (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपुढे) पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक कव्हर असतं, त्यातून आपल्याला दिसतं पण कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणजे चालू पॅनेल उघडणं आलं, आणि इथे मी कोणालाही घाई करू दिली नाही. कव्हर परवानाधारक वायरमननेच काढायचं, तेही आर्क फ्लॅशचा (शॉर्ट झाल्यावर उडणाऱ्या भडक्यापासून वाचवणारा) सूट आणि फेस शील्ड घालून. थर्मोग्राफीवाले लांबून बघणार, बाकी कोणी खोलीत थांबायचं नाही.

कॅमेऱ्यात पहिलं चित्र आलं आणि त्यात पांढरा-लाल भडका दिसला. मी दचकलो. थर्मोग्राफीवाल्यांनी आकडा दाखवला, जेमतेम ३९ अंश. त्या चौकटीत जे सगळ्यात गरम असेल त्याला कॅमेरा लाल रंग देतो, त्यामुळे रंगावरून निष्कर्ष काढायचा नाही. चकचकीत बसबारवर आणखी एक गरम ठिपका होता. ते दोन पावलं बाजूला झाले, तर ठिपकाही सरकला. ते त्यांच्याच अंगाच्या उष्णतेचं प्रतिबिंब होतं. उघडा चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, म्हणून तापमान शेजारच्या काळ्या इन्सुलेशनवर घ्यायचं.

खरा दोष एका आउटगोइंग फीडरवर (पॅनेलमधून बाहेर जाणाऱ्या लाइनवर) सापडला. आर आणि वाय फेजचे लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोड) ४६-४७ अंशांवर, आणि बी फेजचा ८४. टाँग टेस्टर (केबलभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं यंत्र) लावला तर तिन्ही फेजचा करंट जवळपास सारखा. सारख्या लोडवर दोन फेजमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त फरक गंभीर धरतात, इथे तो ३७ होता. शिवाय ती पीव्हीसी केबल, जिची मर्यादा ७० अंश.

आमचे वायरमन मामा म्हणाले, "साहेब, गुरुवारी बोल्ट आवळून टाकतो." पण चित्र नीट बघितलं तर सर्वाधिक उष्णता बोल्टपाशी नव्हतीच, ती लगच्या नळीत होती आणि केबलवर पुढे पुढे कमी होत गेली होती. ओव्हरलोड असता तर अख्खी केबल सारखीच तापली असती. गुरुवारी शटडाउन घेऊन लग सोडवला. बोल्ट घट्टच होता. ॲल्युमिनियमच्या केबलला एक साइज मोठा लग दाबलेला होता आणि आतल्या तारा काळ्या पडल्या होत्या. भाजलेला भाग कापला, योग्य मापाचा बायमेटॅलिक (ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्ही असलेला) लग त्याच मापाच्या डायने क्रिम्प केला, म्हणजे दाबून बसवला, कारण पुढे तांब्याचा बसबार आहे आणि ॲल्युमिनियम थेट तांब्यावर बसवलं तर सांधा हळूहळू खराब होतो. मग टॉर्क रेंचने आवळून बोल्टवर रंगाची खूण केली. ही सगळी मेहनत मामांची. नुसता बोल्ट आवळला असता तर ती केबल तशीच जळत राहिली असती.

मला सर्वात मोलाची वाटली ती मात्र एक गार केबल. कॅपॅसिटर बँकेच्या (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कॅपॅसिटरच्या संचाच्या) एका स्टेजचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला वीज जोडणारा स्विच, लागलेला, दोन फेज कोमट, तिसरी खोलीइतकीच थंड. टाँग टेस्टरवर शून्य. फ्यूज उडालेला होता, आणि नजरेने तपासताना तो कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तपासणी म्हणजे गरम जागा शोधणं, असं मी धरून चाललो होतो.

दुरुस्तीनंतर तेवढ्याच लोडवर पुन्हा स्कॅन करायचा, हे काम ठरवतानाच ऑर्डरमध्ये लिहून घेतलं होतं. तुम्ही करून घेणार असाल तर हे जरूर लिहून घ्या, नाहीतर अहवाल फक्त दोष सांगून संपतो. दुसऱ्या स्कॅनमध्ये बी फेज ४८ वर आला. दोन्ही चित्रं आणि त्या वेळचे करंटचे आकडे जोडून अहवाल विमा कंपनीला दिला. एका कॉम्प्रेसरच्या स्टार्टरवर ६ अंशांचा फरक अजून आहे. त्याचे जोड पुढच्या गुरुवारी मामा उघडून बघणार आहेत.